फवारणीचं 'औषध' आणि म्हाताऱ्या माणसांचं मन

आमच्याकडं कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं, औषधाचा पंप, औषधाचं दुकान. आणि सकाळी सकाळी "अमक्यानं औषध घेतलं" असं कानावर आलं, की ते बीपीचं की शेतातलं हे विचारावं लागत नाही. सांगणाऱ्याच्या आवाजावरून कळतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला या शब्दाचं काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. मोठ्या बाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं दुखणं निघालं आणि मग मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो.

मोठे बाबा 69 वर्षांचे. साडेचार एकर रान, त्यात पराटी (म्हणजे कापूस), तूर, थोडं सोयाबीन. दोन्ही मुलं पुण्याला. गावात खंजिरी भजन असलं की खंजिरी त्यांच्याच हातात. पण दसऱ्यानंतर ते भजनाला जाईनासे झाले. मग पारावर बसणं बंद झालं. रात्री दोन-दोन वाजता उठून अंगणात फेऱ्या मारायचे. ज्यांनी आयुष्यात मोठ्या आईवर आवाज चढवला नाही, ते चहात साखर कमी पडली म्हणून कप आपटायला लागले. विचारलं तर एकच उत्तर, "मले काई झालं नाई. कायले जाऊ दवाखान्यात?"

तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं, बीपीची गोळी बदलली आणि वय झालं म्हणाले. घरातही सगळ्यांना ते पटलं. म्हातारपणी माणूस चिडका होतो, विसराळू होतो, हे आपण धरूनच चाललेलो असतो. पुढं नागपुरात एका डॉक्टरबाईंकडं नेलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुमच्या शेतात फवारणी कोण करतं?"

"मीच. मजूर भेटत नाई."

"यंदा किती वेळा केली?"

मोठ्या बाबांनी बोटं मोजली. सात-आठ डाव.

त्याआधी कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. आम्हीही नाही.

पाटाचं पाणी आणि दारं धरणारा

कापसावर मारली जाणारी अनेक जुनी औषधं 'ऑरगॅनोफॉस्फेट' नावाच्या एका कुळातली. मोनोक्रोटोफॉस (गावच्या भाषेत 'मोनो'), डायमेथोएट (ज्याला सगळे 'रोगर' म्हणतात), प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, अ‍ॅसिफेट, आणि आता बंदी असलेलं फोरेट, म्हणजे आपलं 'थायमेट'. नावं वेगळी असली तरी काम करायची रीत एकच. ती समजली की बाकीचं बरंचसं आपोआप समजतं.

ओलित करणाऱ्या माणसाला हे सांगायला सोपं आहे. पाटातून पाणी येतं, आपण दारं फोडून ते एका सरीत सोडतो, सरी भरली की माती ओढून दारं बंद करतो आणि पुढची सरी फोडतो. सगळं कौशल्य दारं वेळेवर बंद करण्यात असतं. तो माणूस झोपला, तर वाफा तुडुंब होतो, बांध फुटतो, पीक सडतं.

मेंदूतून स्नायूकडं, किंवा मेंदूतल्या एका पेशीकडून दुसरीकडं निरोप जातो तो असाच. ॲसिटाइलकोलीन नावाचं एक रसायन सुटतं, पलीकडच्या पेशीला निरोप मिळतो आणि लगेच एक विकर (एन्झाइम) त्या रसायनाचे तुकडे करून निरोप थांबवतं. या विकराचा एक रेणू एका सेकंदात हजारो रेणू तोडतो. त्याचं नाव ॲसिटाइलकोलीनएस्टरेज. लेखात पुढं त्याला आपण 'दारंवाला' म्हणू.

ऑरगॅनोफॉस्फेट नेमका या दारंवाल्याला धरतं. त्याच्या हाताला असं चिकटतं की काही वेळानं ते सुटतच नाही. मग निरोप थांबत नाही. बोंडअळी, मावा, तुडतुडे यांचे स्नायू आकडी येऊन निकामी होतात आणि कीड मरते. अडचण एवढीच, की दारंवाला किड्यात असतो तसाच माणसातही असतो. या रसायनांचा उगमही बघण्यासारखा आहे. 1930 च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकं शोधत होता. त्याला टाबून आणि सारीन सापडले, ते पुढं युद्धातले विषारी वायू ठरले. शेतातलं औषध त्यापेक्षा पुष्कळ सौम्य असतं, पण शरीरात ते हात घालतं त्याच ठिकाणी.

एकदम जास्त गेलं तर काय होतं, हे विदर्भाला सांगायला नको. तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी, उलट्या, दरदरून घाम, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, श्वास कोंडणं. 2017 च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणी करताना विषबाधा होऊन गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पराटी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती. सरकारनं चौकशी पथक नेमलं, पश्चिम विदर्भात पाच औषधांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. ती बातमी देशभर गेली. पण ज्यांना दवाखान्यात न्यावं लागलं नाही, ज्यांना फक्त 'औषध लागलं', त्यांची कुठं नोंद झाली नाही.

औषध लागणं म्हणजे संध्याकाळी डोकं जड, मळमळ, अंगात कसर, रात्री झोप नाही. लिंबू-पाणी घ्यायचं, आंघोळ करायची, झोपायचं. दुसऱ्या दिवशी उतरतं आणि पुन्हा पंप पाठीवर. माझं सगळं म्हणणं या 'उतरलं' शब्दाबद्दल आहे. ते दिसायचं उतरतं, पण पूर्ण उतरत नाही.

झरा भरायच्या आत उपसा

दारंवाला एकदा कायमचा अडकला की शरीराला नवा तयार करावा लागतो. रक्तातल्या तांबड्या पेशींवरही हेच विकर असतं आणि ते भरून येतं नव्या तांबड्या पेशींबरोबर. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवस. म्हणजे पूर्ववत व्हायला तीन ते चार महिने लागू शकतात. आता आपल्याकडचा हंगाम आठवा. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दर दहा-पंधरा दिवसांनी एक फवारणी. पहिल्या फवारणीचा खड्डा भरायच्या आत दुसरी, दुसरीचा भरायच्या आत तिसरी. विहिरीचा झरा भरू न देता रोज मोटर लावली की पाणी तळाला जातं, तसं हंगामाच्या शेवटी विकर तळाला गेलेलं असतं. आणि ते सावकाश खाली जातं म्हणून शरीर सवय करून घेतं, फेस-उलटी अशी मोठी लक्षणं येतच नाहीत.

हे सगळं शरीरात जातं कुठून? आपल्याला वाटतं नाका-तोंडातून. म्हणून रुमाल बांधला की काम झालं असं वाटतं. फवारणी करणाऱ्याच्या अंगात औषध मुख्यतः कातडीतून जातं. 1971 साली पॅराथिऑन या औषधावर झालेल्या एका जुन्या प्रयोगात दिसलं, की हाताच्या कोपरापुढच्या भागावर लावलेल्यातलं साधारण 9 टक्के आत गेलं, कपाळावरचं 36 टक्के, आणि अंडकोषाच्या कातडीवरचं जवळपास सगळं. आता पाठीवरचा गळका पंप डोळ्यांपुढं आणा. झाकणाचं रबर झिजलेलं, चिंधी गुंडाळून बसवलेलं. पाठीवरून ओघळ खाली उतरतो आणि धोतर किंवा चड्डी ओली होते. दिवसभर तीच अंगावर असते. वरून ऊन, घामानं उघडलेली रंध्रं. मोठे बाबा तोंडाला दुपट्टा घट्ट बांधायचे आणि औषध मात्र हातानंच ढवळायचे. काठी शोधायला कोण जातं?

मनाचा काय संबंध?

ॲसिटाइलकोलीन फक्त स्नायूंना हलवत नाही. लक्ष लागणं, आठवण राहणं, झोप, मनाची उभारी, या सगळ्यात त्याचा हात असतो. विसरण्याच्या आजारात म्हाताऱ्यांना जी डोनेपेझिलसारखी औषधं देतात, तीसुद्धा याच विकराला आवरतात, पण मोजून-मापून आणि सुटेल अशा रीतीनं. शेतातलं औषध त्याच ठिकाणी बेहिशेबी घुसतं. संशोधकांना असंही दिसतंय, की या रसायनांमुळं मेंदूत सूज येते आणि सेरोटोनिनसारख्या, मनःस्थिती सांभाळणाऱ्या इतर रसायनांचाही तोल बिघडतो.

ही शंका आजची नाही. 1961 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी या औषधांशी सतत संबंध आलेल्या 16 जणांबद्दल लिहिलं होतं. उदासी, चिडचिड, आठवण कमी होणं, लक्ष न लागणं. पुढं अमेरिकेत, आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांतल्या हजारो शेतकऱ्यांवर 1993 पासून एक मोठा अभ्यास सुरू झाला, तो अजून चालू आहे. त्यातून 2008 मध्ये आलेला निष्कर्ष मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांना कधीतरी कीटकनाशकाची विषबाधा झाली होती, त्यांच्यात नैराश्याचं निदान होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट होती. आणि ज्यांना विषबाधा झाली नव्हती, पण वर्षानुवर्षं खूप फवारणी केली होती, त्यांच्यातही ती सुमारे दीडपट होती. दुसरा आकडा पुन्हा वाचावा. विषबाधा न झालेल्यांचा आहे तो.

चीनच्या झेजियांग प्रांतातल्या खेड्यांमधला अभ्यास 2009 मध्ये आला. ज्यांच्या घरात कीटकनाशक ठेवलेलं असे, त्यांच्यात जीव देण्याचे विचार येण्याचं प्रमाण जास्त आढळलं. वय, शिक्षण, मिळकत वगैरे हिशोबात धरूनही. ब्रिटनमध्ये मेंढ्यांना खरजेसाठी याच कुळातल्या औषधाच्या टाकीत बुडवण्याची सक्ती 1992 पर्यंत होती. ते काम करणाऱ्या शेतकऱ्यांमध्येही स्मरणशक्ती आणि मनःस्थितीच्या तक्रारी कितीतरी वर्षं अभ्यासल्या गेल्या.

आता इथं थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, तसं तर हे नाही ना? शेतकरी उदास होण्याला कारणांची काय कमी आहे? नापिकी, कर्ज, कापसाचा भाव, मुलीचं लग्न, एकटेपण. जो जास्त फवारतो तो कदाचित जास्त अडचणीतही असेल. शिवाय अशा अभ्यासांत माणसाला वीस वर्षांपूर्वी काय मारलं हे आठवून सांगावं लागतं आणि त्यात चूक होते. म्हणून अमक्या माणसाचं नैराश्य अमक्या औषधानंच आलं, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पिकांत, कर्जाचा आणि गरिबीचा हिशोब वेगळा काढल्यावरही तोच कल दिसतो. शरीरात हे कसं घडू शकतं तेही माहीत आहे. मला वाटतं, एवढ्यावर डोळे उघडायला हरकत नसावी. कर्जाचा बोजा आणि औषधाचा बोजा ही दोन वेगळी ओझी आहेत, आणि आपल्याकडं ती बहुतेक वेळा एकाच पाठीवर असतात.

(पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड या नव्या कुळांची रीत वेगळी आहे आणि मनावरच्या परिणामांचा पुरावा त्यांच्याबाबत बराच कमी आहे. पण शेतात ती सुटी कुठं मारली जातात? एकाच पंपात दोन-तीन कालवली जातात.)

म्हाताऱ्यांनाच का जास्त?

पहिलं कारण हिशोबाचं. मोठ्या बाबांच्या पिढीच्या अंगावर काय काय आलं ते बघा. ते लहान असताना हिवतापाच्या मोहिमेत डीडीटीवाले घरोघर येऊन भिंती फवारून जायचे. ती मोहीम देशात 1953 ला सुरू झाली. मग शेतात बीएचसी पावडर आली, ती हातानं धुरळायची. मग एंड्रिन. ते इतकं भिनलं की अजूनही आमच्याकडची जुनी माणसं कुठल्याही विषाला 'एंड्रिन'च म्हणतात. 1970 नंतर संकरित कापूस आला, त्याबरोबर फवारण्या वाढल्या आणि मोनो, रोगर घरोघर झाले. 2002 मध्ये बोंडअळीला मारणारं बीटी कापसाचं बियाणं आलं, बोंडअळीची फवारणी काही वर्षं कमी झाली. मग रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळीला बीटी पचायला लागलं आणि पंप पुन्हा पाठीवर चढला. एंड्रिन 1990 ला बंद झालं, बीएचसी 1997 ला, एंडोसल्फान 2011 ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. सरकारनं प्रत्येक वेळी बाटली बाजारातून काढली. ज्यांनी ती तीस वर्षं मारली, त्यांना मात्र कुणी बोलावून तपासलं नाही.

दुसरं कारण शरीराचं. वय वाढलं की यकृत आणि मूत्रपिंडाचं काम मंदावतं, त्यामुळं आत गेलेलं विष फोडून बाहेर टाकायला वेळ लागतो. आणि मेंदूकडची शिल्लकही कमी होत जाते. तरुणाच्या मेंदूला बसलेला फटका शिल्लकीतून भरून निघतो, म्हाताऱ्याच्या बाबतीत तो उघडा पडतो.

तिसरं कारण मला सगळ्यांत जास्त लागलं. म्हाताऱ्यांची लक्षणं आपण दुसऱ्याच खात्यावर टाकतो. बाहुली बारीक झाल्यानं अंधुक दिसलं की मोतीबिंदू. हात थरथरले की म्हातारपण. चक्कर आली की बीपी. आठवलं नाही की वय. झोप लागली नाही की दुपारी झोपला असेल. प्रत्येक लक्षणाला तयार उत्तर असतं, म्हणून खरा प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

नैराश्याचंही तसंच. आपल्याला वाटतं उदास माणूस रडेल, दुःख बोलून दाखवेल. म्हातारी माणसं, त्यातही गावचे पुरुष, ते बोलत नाहीत. ते म्हणतात हातापायात जीव नाही, पोट साफ नाही, जेवण गोड लागत नाही, छातीत कसनुसं होते. कुणी नुसतं चिडतं. कुणी एकदम गप्प होतं. कुणी इतकं विसरायला लागतं की घरच्यांना वेड लागतंय असं वाटतं, पण नैराश्यावर उपचार झाले की आठवण बरीच परत येते. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं असेल, आधी ज्यात मन रमायचं त्यात रमत नसेल, तर ते वय म्हणून सोडून देऊ नये. म्हातारपण आणि उदासी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उदासीवर सत्तरीतही उपचार लागू पडतो.

बाटली हाताशी असणं

याची दुसरी बाजू बोलायला जड आहे, पण टाळून चालणार नाही. जे मन खचवतं, तेच घरात कोनाड्यात हाताशी असतं. खेड्यातल्या बऱ्याच आत्महत्या फार दिवस ठरवून केलेल्या नसतात. एका वाईट तासात घडतात. त्या तासात हाताशी काय आहे, यावर जीव वाचतो की जातो हे ठरतं.

श्रीलंकेनं हे ओळखलं. 1995 मध्ये तिथं मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद झालं, 1998 मध्ये एंडोसल्फान, पुढं आणखी काही. आत्महत्यांचं प्रमाण वीस वर्षांत 70 टक्क्यांहून जास्त उतरलं आणि शेतीचं उत्पादन घटलं नाही. दक्षिण कोरियात खेड्यातले वृद्ध या प्रश्नात सगळ्यांत पुढं होते. तिथं 2012 च्या सुमारास पॅराक्वॉट हे तणनाशक बाजारातून गेलं आणि दोनच वर्षांत शेतातलं औषध घेऊन होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. घरोघर कुलपाच्या पेट्या वाटून बघण्याचा मोठा प्रयोगही श्रीलंकेतच झाला. 2017 मध्ये त्याचा निकाल आला तेव्हा त्यानं फारसा फरक पडला नसल्याचं दिसलं. म्हणून माझं मत असं, की कुलूप जरूर लावावं, पण खरा फरक दुकानात काय विकलं जातं त्यानं पडतो.

आपल्याकडं मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून मनाई आहे. तरी 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात एका शाळेच्या मध्यान्ह भोजनात तेच मिसळलं जाऊन 23 मुलं गेली. फोरेट, ट्रायझोफॉस 2020 अखेर बंद झालं. मोनोच्या 36 टक्क्यांच्या द्रावणाला टप्प्यानं बंद करण्याचा आदेश केंद्रानं 2023 मध्ये काढला. उशीर झाला, पण झालं ते चांगलं झालं.

घरच्यांनी काय करावं

सगळ्यांत आधी, साठीच्या पुढच्या माणसाच्या पाठीवरून पंप उतरवावा. 'सुरक्षा किट घाला' एवढं सांगून भागत नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात प्लास्टिकचा कोट घालून सत्तरीच्या माणसानं चार तास फवारावं ही अपेक्षाच चुकीची आहे, तो विषानं नाही तर उष्म्यानं पडेल. पंप उतरवणं शक्य नसेल तर पंपाचं रबर बदलावं, काठीनं ढवळावं, वारा पाठीशी ठेवावा, सकाळी लवकर मारावं, आणि काम संपल्या संपल्या साबणानं आंघोळ करून कपडे बदलावेत. रात्री नाही, लगेच.

डब्यावरचा रंग बघावा. अक्षरं इतकी बारीक असतात की चष्मेवाल्यालाही वाचवत नाहीत, पण तिरक्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. दुकानदाराकडं निळं-हिरवं आहे का हे विचारायला लाज वाटू नये. धान्यात टाकायच्या गोळ्यांची कणगी झोपायच्या खोलीत नको. त्या गोळ्यांतून वायूच निघतो, आणि म्हातारी माणसं नेमकी त्याच खोलीत झोपतात.

औषध लागलंच तर अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्यानं धुवावं आणि 108 ला फोन करून दवाखान्यात न्यावं, सोबत बाटली किंवा तिचं लेबल न्यावं. बरं वाटलं म्हणून हट्टानं घरी आणू नये. एक ते चार दिवसांनी मान, हातपाय आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. हा प्रकार श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये पहिल्यांदा नीट मांडला.

आणि डॉक्टरांकडं नेलं की त्यांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगावं, हे फवारणी करतात, इतक्या वेळा, शेवटची अमक्या दिवशी. 'कोलीनएस्टरेज' नावाची, म्हणजे दारंवाल्याची पातळी मोजणारी रक्ततपासणी असते. ती मनाचा आजार सांगत नाही, अंगात औषधाचा ताण किती आहे एवढं सांगते. प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असल्यानं एकदा करून उपयोग कमी. हंगामाआधी एकदा आणि नंतर एकदा केली तर फरक कळतो.

मनासाठी 14416 हा 'टेलिमानस'चा फुकट क्रमांक आहे, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. जीव देण्याचं कुणी बोललं, नुसतं "आता काय करतं जगून" म्हटलं, तरी ते बोलणं वाऱ्यावर सोडू नये. त्याच दिवशी औषधाच्या बाटल्या घराबाहेर काढाव्यात आणि फोन लावावा. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर जाऊन मनाबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चारच जण कुणाकडं तरी मदतीला जात होते, दीड वर्षात ते 27 झाले. म्हणजे आपली माणसं बोलत नाहीत असं नाही. त्यांना विचारणारं कुणीतरी लागतं.

मोठ्या बाबांचं विकर कमी निघालं. डॉक्टरबाईंनी नैराश्याची गोळी सुरू केली आणि पंपाला हात लावायचा नाही असं बजावलं. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं तेव्हा आकडा वर आला होता. होळीपर्यंत ते भजनात परत बसायला लागले. यात गोळीचा वाटा किती, फवारणी थांबल्याचा किती, आणि धाकटा मुलगा महिनाभर घरी राहिला त्याचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही.

दुसऱ्या खेपेला मोठी आईही सोबत होती. डॉक्टरबाई मोठ्या बाबांशी बोलून झाल्यावर तिच्याकडं वळल्या. "काकू, यांचे फवारणीचे कपडे कोण धुतं?"

"मीच. आनखी कोन धुते?"

"किती वर्षं?"

तिनं लग्नापासूनची वर्षं मोजली. सत्तेचाळीस. त्याच बादलीत, त्याच दगडावर, हातानं. डॉक्टरबाईंनी कागदावर तिचंही नाव लिहिलं आणि सिस्टरला हाक मारली. सिस्टर सुई घेऊन आली तेव्हा मोठ्या आईनं आधी पदरानं आपला हात पुसून घेतला, आणि मग पुढं केला.